लॅब्रॅडॉर, बंदूक आणि शनिवारची पहाट

टिळकवाडीच्या एका वाचक भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला, सून धारवाडची. दोघांनी दोन वर्षांपूर्वी काळ्या लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरात आणलं. इथवर कुणाची हरकत नव्हती. पण आता शनिवार आला की दोघं पहाटे चारला उठतात, कुत्र्याला गाडीत घालतात आणि शंभर मैल लांब कुठल्याशा ‘हंटिंग रिट्रीव्हर क्लब’च्या मैदानावर जातात. परवा फोटो आला. चिरंजीव चिखलाच्या रंगाच्या कपड्यांत, खांद्याला बंदूक, आणि शेजारी बसलेल्या कुत्र्याच्या तोंडात बदक. ताईंच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही. जूनमध्ये नवरा-बायको सहा महिन्यांसाठी तिकडे निघाली आहेत आणि मुलानं आईबाबांनाही क्लबला न्यायचं ठरवलंय. जावं की नाही, आणि हे सगळं सुरक्षित तरी आहे का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, जावं. मी स्वतः दोन उन्हाळे अशा मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसले आहे, म्हणून सांगते. पण जाण्याआधी चार गोष्टी माहीत करून घ्याव्या, त्यातली एक तर फार महत्त्वाची आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते पाहू. आपल्याकडे शिकारी कुत्रा म्हटलं की मुधोळचा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. घोरपड्यांच्या संस्थानात जोपासला गेलेला, लांब पायांचा, बारीक कमरेचा. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात तोही होता. मुधोळचा कुत्रा नजरेनं सावज हेरतो, मागे धावतो आणि पकडतो. लॅब्रॅडॉरचं काम नेमकं उलटं. त्यानं पकडायचं नाही, मारायचं नाही, आधी धावायचंसुद्धा नाही. मालकाशेजारी गप्प बसायचं, पक्षी कुठे पडला ते लक्षात ठेवायचं आणि हुकूम झाला की जाऊन तो अलगद उचलून मालकाच्या हातात आणून द्यायचा. पक्ष्याला दात लागता कामा नये. ‘रिट्रीव्हर’ म्हणजे उचलून आणणारा. या कुत्र्यांचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करत. तिथून ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या उमरावांनी त्यांची आजची जात घडवली. पाणी दिसलं की लॅब्रॅडॉर वेडा का होतो, ते यावरून कळेल.

अमेरिकेत या कुत्र्यांच्या चढाओढी १९३१ सालापासून सुरू आहेत. पुढे त्या इतक्या अवघड झाल्या, अंतरं इतकी लांबली, की खास शिक्षकाकडे महिनोन्‌महिने ठेवलेल्या कुत्र्यांशिवाय तिथे कुणाचा निभाव लागेना. घरात सोफ्यावर झोपणारा आणि थंडीत मालकाबरोबर तळ्यावर जाणारा साधा कुत्रा मागे पडला. तेव्हा साध्या शिकाऱ्यांनीच वेगळी वाट काढली. १९८३ ते १९८५ या तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या संस्थांनी ‘हंट टेस्ट’ नावाची परीक्षा सुरू केली. त्यातली १९८४ सालची म्हणजे हा हंटिंग रिट्रीव्हर क्लब. तो युनायटेड केनेल क्लब या जुन्या संस्थेशी जोडलेला आहे आणि त्याच्या शाखा गावोगाव आहेत.

इथे पहिला, दुसरा, तिसरा असे नंबर काढत नाहीत. ठरलेल्या पातळीला कुत्रा उतरला की पास, नाही तर पुढच्या वेळी या. दहापैकी दहा पास होऊ शकतात, दहाही नापास होऊ शकतात. शेजाऱ्याचा कुत्रा पडला म्हणून आपला वर चढत नाही. त्यामुळे मैदानावरचं वातावरण फार निराळं असतं. माझ्यासमोर एका बाईंचा कुत्रा पाण्यात शिरायलाच तयार होईना, तेव्हा रांगेत उभे असलेले सगळे श्वास रोखून बघत होते आणि तो शिरल्यावर टाळ्या त्यांनीच वाजवल्या. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात हे दिसलं तर किती बरं होईल, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

परीक्षेत असतं काय, तर लांबवर लपलेला माणूस हवेत पक्षी फेकतो, बार निघतो, पक्षी गवतात किंवा पाण्यात पडतो. कुत्र्यानं तो पडताना पाहिलेला असतो, त्यानं जाऊन आणायचा. पहिल्या पायरीवर एकेक पक्षी, कमी अंतरावर. वरच्या पायऱ्यांवर दोन-तीन पक्षी पडतात आणि सगळ्या जागा लक्षात ठेवाव्या लागतात. शिवाय एक पक्षी असा, जो पडताना कुत्र्यानं पाहिलेलाच नसतो. तो शिट्टीनं आणि हाताच्या खुणांनी दाखवायचा. आणि सगळ्यांत कठीण परीक्षा बघायला अगदी साधी वाटते. दुसरा कुत्रा कामाला सुटला असताना आपल्या कुत्र्यानं नुसतं बसून राहायचं. अंग थरथरतं, गळ्यातून बारीक कुंई निघते, पण ढुंगण जमिनीवरून उचलायचं नाही. चांगले चांगले कुत्रे तिथे फसतात.

आता बंदुकीचं. या क्लबची खासियत अशी की दुसऱ्या पायरीपासून कुत्र्याच्या मालकाला स्वतः छऱ्यांची बंदूक खांद्याला लावून बार काढावा लागतो. काडतुसात छर्रे नसतात, नुसती दारू असते, मोठा आवाज होतो. म्हणून ते खेळणं समजायचं नाही. जवळून अशा काडतुसाच्या गरम वाफेनं आणि आतल्या बुचानं माणूस जबर जखमी होऊ शकतो. परीक्षक हे जाणतात. कुत्र्यानं सगळं काम चोख केलं आणि मालकानं बंदुकीची नळी एकदा माणसांच्या दिशेला फिरवली, तर दोघंही घरी. मला हे फार आवडलं. नियम आपल्या पोलीस कवायतीच्या मैदानावरही तेच असतील. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं, नळी कायम मोकळ्या दिशेला ठेवायची, बार काढायच्या क्षणापर्यंत बोट चापावर न्यायचं नाही, समोर आणि समोरच्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय बार काढायचा नाही. दारूच्या आवाजानं कान जातात, ते कायमचे जातात, म्हणून कानात बोळे हवेतच. बाबांचं ऐकणं आधीच कमी असेल तर त्यांना दुप्पट काळजी.

आणि ही ती महत्त्वाची गोष्ट. ताई, पत्रात तुम्ही मुलाचा व्हिसा कोणता ते लिहिलेलं नाही. ग्रीन कार्ड असेल तर पुढचा परिच्छेद तुमच्या दोघांपुरताच वाचा. पण तो एच-वन-बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असेल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार त्याला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायची मनाई आहे. १९९८ पासून हे कलम आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला नेहमी लागू पडणारा म्हणजे तिथल्या कुठल्याही राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्या माणसाला असा परवाना काढायचा तर आधी बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे रीतसर अभ्यास आला, परीक्षा आली. मुलानं हे केलं असेल तर उत्तम. नसेल केलं, तर कुत्र्याच्या नादात नोकरी, व्हिसा आणि पुढचं ग्रीन कार्ड असं सगळंच धोक्यात येऊ शकतं. क्लबातल्या गोऱ्या मित्रांना हे ठाऊक असेलच असं नाही, त्यांना हा कायदा कधी लागतच नाही. ते आपुलकीनं बंदूक हातात देतील. तेव्हा आजच रात्री फोन करून विचारा, आणि शंका असेल तर त्यानं तिथल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. तोवर पहिल्या पायरीवरच कुत्रा उतरवावा, तिथे मालकाला बंदूक धरावी लागत नाही.

तुम्ही दोघं तर पाहुण्यांच्या व्हिसावर जाणार. तुम्ही फोटोपुरतीसुद्धा बंदूक हातात धरायची नाही. आणखी एक. पक्षी फेकायला मैदानावर माणसं लागतात, तिथली कॉलेजची पोरं ते काम करून पॉकेटमनी मिळवतात. कुणी हौसेनं तुमच्या यजमानांच्या हातावरही दिवसाचे डॉलर ठेवले तर हात जोडून परत करा. पाहुण्याला तिथे मोबदला घेता येत नाही. सूनबाईही नवऱ्याच्या व्हिसावर असेल आणि कामाची परवानगी नसेल, तर तिलाही हेच लागू.

बदकाविषयी तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही आलं होतं. परीक्षेतली बदकं बहुतेक वेळा मुद्दाम पाळलेली, आधी मारून गोठवून ठेवलेली असतात. सरावाला मात्र बरेचदा प्लॅस्टिकची किंवा कॅनव्हासची नळकांडी वापरतात. ज्यांना बघवत नाही त्यांनी सरावाच्या दिवशी जावं. शिकार योग्य की अयोग्य हा वाद मी इथे घालणार नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो आपल्यापुरता मिटवला आहे. पण तिकडचं एक सांगायला हवं. तिथे १६ वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला १९३४ सालापासून दर वर्षी सरकारी तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या जातात. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद आहेत, कारण तळाशी साचलेलं शिसं खाऊन बदकं मरत. हे कळल्यावर माझं मत बदललं असं नाही, पण त्या माणसांकडे बघण्याची नजर थोडी बदलली.

मेलेल्या रानटी पक्ष्याला मात्र कुत्र्यानं तोंड लावू नये, ही काळजी अलीकडची आहे. २०२२ पासून अमेरिकेत पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ पसरली. २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या ओशावा गावी रानहंस चघळलेला एक पाळीव कुत्रा त्यानं दगावला. तळ्याकाठी पडलेला पक्षी दिसला तर कुत्र्याला लांब न्यायचं, क्लबचे पक्षी हाताळले तरी साबणानं हात धुवायचे.

आता कुत्र्याच्या जिवाचं बघू. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे बेळगाव, हुबळी, कोल्हापुरातल्या लॅब्रॅडॉरवाल्यांनीही वाचावं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी चार वाजता चेंडू फेकत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांना येतो तो नाममात्र. धापा टाकणं हाच त्याचा पंखा. हवा दमट असली की तो पंखाही चालत नाही. आणि लॅब्रॅडॉरचा स्वभाव असा की मालक फेकतोय तोवर तो आणत राहणार, कोसळेपर्यंत. तो स्वतः थांबेल ही आशा सोडा, थांबवायचं तुम्हीच. जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल वाकडी पडली की खेळ बंद. उन्हाचा झटका आला असं वाटलं तर आधी जागेवर गार करायला घ्या, मग दवाखाना. अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि पाणी ओततच गाडीत घाला. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि आतली उष्णता आतच राहते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पळून तापलेल्या कुत्र्यांना स्वतःहून बादलीत डोकं बुडवायला शिकवलं होतं. तसं करणारी कुत्री लवकर निवली. बादलीच्या तळातून आवडती वस्तू तोंडानं काढायची, एवढाच खेळ. हे शुद्धीत असलेल्या, स्वतःहून डोकं घालणाऱ्या कुत्र्यासाठी. धाप लागून लटपटणाऱ्याचं डोकं धरून बुडवायचं नाही, तो नाकातोंडात पाणी जाऊन मरेल.

कधी कधी ऊन नसतानाही लॅब्रॅडॉर पाच ते वीस मिनिटं जोरात पळाला की मागचे पाय दारुड्यासारखे लटपटतात आणि तो बसकण मारतो. हा आनुवंशिक दोष असू शकतो. त्याचा जनुक २००८ साली सापडला आणि आता गालाच्या आतून पुसून घेतलेल्या नमुन्यावरून तपासणी होते. आईबाप दोघांकडून दोष आला तरच त्रास होतो. असा कुत्रा घरात सुखानं जगतो, पण परीक्षेच्या उत्साहात त्याचा जीव जाऊ शकतो. मैदानावर उतरवण्याआधी ही तपासणी झाली आहे का, हे सुनेला विचारा. पिल्लू घेतानाच आईबापांचे कागद बघणं सगळ्यांत शहाणपणाचं, पण ते दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

मिनेसोटा म्हणजे तळीच तळी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये काही तळ्यांवर निळं-हिरवं शेवाळ येतं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा किंवा वाटाण्याच्या आमटीसारखा थर. त्यातल्या काही जातींचं विष इतकं जहाल असतं की पोहून आलेला कुत्रा काही तासांत जातो, कधी त्याहूनही लवकर. उतारा नाही. पाण्याचा संशय आला की कितीही लांब गाडी मारून आला असाल तरी परत फिरायचं. चांगल्या पाण्यातही तासभर सारखं वस्तू आणायला लावलं तर तोंडातून पोटात इतकं पाणी जातं की रक्तातलं मीठ उतरतं. कुत्रा झोकांड्या खातो, ओकतो. तेव्हाही धाव डॉक्टरकडेच. गार पाण्यात पोहल्यावर दुसऱ्या दिवशी शेपूट मोडल्यासारखं लोंबायला लागलं तर मात्र घाबरू नका. ते शेपटीच्या मुळाचं दुखणं असतं, विश्रांतीनं बहुधा चार-सहा दिवसांत उतरतं. डॉक्टरला दाखवून घ्यावं एवढंच.

गोचिडींचं तुम्हाला काय सांगायचं. खानापूरच्या रानात जाऊन आलेला कुत्रा आपण अंगणातच तपासतो. तिकडे माणसांनाही तपासावं लागतं, कारण हरणांवरच्या बारीक गोचिडीनं लाइम नावाचा आजार माणसाला होतो. पायमोजे पँटवर ओढून घ्यायचे आणि घरी आल्यावर काखा, गुडघ्यांमागच्या लवणी, कानांमागे बघायचं. नेसायला साडी नको, सलवार बरी.

ताईंच्या पत्रातली एक ओळ मला फार मजेची वाटली. घरात कुत्र्याशी मुलगा इंग्रजीत बोलतो, सून कन्नडमध्ये, आणि व्हिडिओ कॉलवर ताई मराठीत. बिचारा कुत्रा! गंमत बाजूला ठेवा, पण इथे खरोखर अडचण आहे. मराठीत ‘बस’ म्हणजे बस, आणि कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ये. कुत्रा शब्दाची सुरुवात आणि सूर पकडतो. एकीच्या ‘बस’वर तो उठून येणार आणि दुसरीच्या ‘बा’वर बसून राहणार, मग दोघी म्हणणार हा ऐकत नाही. तेव्हा जाण्याआधीच ठरवून टाका, एका कामाला एकच शब्द, घरात सगळ्यांचा तोच. सून शिकवतेय तर तिचाच. बसायला ‘कूडु’, यायला ‘बा’, आणायला जे ती म्हणत असेल ते. मैदानावर तर शिट्टीच चालते. एक लांब फुंक म्हणजे बस आणि माझ्याकडे बघ, बारीक बारीक फुंका म्हणजे परत ये. या शिट्टीला सीमाप्रश्न नाही. परीक्षा चालू असताना मात्र आजीनं कडेवरून प्रेमानं हाक मारायची नाही. कुत्रा मागे वळला की सुनेची सकाळची सगळी मेहनत पाण्यात.

मग तिथे करायचं काय? पुष्कळ असतं. हे क्लब पगारी नोकरांवर चालत नाहीत, सगळं सभासदांच्या हातांनी होतं. कुणाचा कुत्रा कितव्या नंबरावर ते फळ्यावर लिहायचं, पुढच्याला हाक मारून तयार ठेवायचं, पाण्याच्या बादल्या भरायच्या, दुपारचं जेवण मांडायचं. तुमचे यजमान हेडमास्तर होते असं तुम्ही लिहिलंय. यादी आणि फळा त्यांच्या हाती द्या, मैदान वेळेवर चालेल. परदेशी गेलेल्या आपल्या वयाच्या माणसांचं दुखणं मी जवळून पाहिलं आहे. सकाळी आठला मुलं कामाला गेली की संध्याकाळपर्यंत भिंती आणि टीव्ही. इंग्रजी येत असूनही बोलायला माणूस नाही. मैदानावर कुत्र्याचं नाव विचारलं की समोरचा पंधरा मिनिटं बोलतो आणि आपल्याला नुसतं हुं हुं केलं तरी चालतं. दुसऱ्या शनिवारी तो आपण दिसलो की स्वतःहून येतो.

खुर्ची मात्र मैदानावर दाखवलेल्या जागीच टाका, बंदुकीच्या रेषेच्या मागे. कुत्र्यांच्या गाड्यांच्या फार जवळ नको. अनोळखी कुत्र्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, विशेषतः तो कामावरून आलेला आणि तापलेला असताना. गाडीची काच बंद करून कुत्र्याला पाच मिनिटंही आत ठेवायचं नाही, हे मुलाला माहीत असेल, तरी आईनं एकदा बोललेलं बरं.

डब्यात काय न्यावं, असंही ताईंनी शेवटी विचारलं आहे. चिवडा न्या, दशम्या न्या, बेळगावचा कुंदा तर नक्की न्या, गोरी माणसं आवडीनं खातात. पण चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखे आहेत, कांदा-लसूणही वाईट, चॉकलेटही, आणि साखर नसलेल्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असतं ते तर फारच. लॅब्रॅडॉर जमिनीवर पडलेलं काहीही गिळतो. तेव्हा घट्ट फिरकीच्या झाकणाचा डबा इथूनच घेऊन जा, आणि खाऊन झालं की तो मांडीवर नको, गाडीत ठेवा.